कोळी दिसला की आधी त्याचं पोट बघा

पावसाळ्यात आमच्या ठाण्यात, त्यातही येऊरच्या बाजूला राहणाऱ्यांच्या घरात, तो मोठा चपटा हंट्समन कोळी येतोच आणि आला की झाडू निघतो. प्लीज झाडू ठेवा, काचेची बरणी घ्या, त्याच्यावर हळूच पालथी घाला, खालून कागद सरकवा. तो काचेवर चढला की पोट थेट तुमच्यासमोर. कंबरेच्या जरा मागे दोन बाजूंना दोन फिकट डाग दिसतील, ती त्याची फुप्फुसं, आत पातळ पापुद्र्यांची चळत असते, पापुद्र्यात रक्त आणि मधल्या फटीत हवा. भिंग असेल तर रेशीम निघतं त्या टोकाच्या अलीकडे एक बारीक आडवी चीर सापडते, तिथून श्वासनलिका आत जातात.

टॅरंटुलाला, म्हणजे त्या मोठ्या केसाळ कोळ्याला, अशी फुप्फुसं चार. त्यामुळे चारवाले वेगळे, दोनवाले वेगळे असं वर्गीकरण 19व्या शतकात झालं, आणि 1933 साली कोळ्यांचे अभ्यासक पेत्रुंकेविच यांनी तर फुप्फुसं अजिबात नसलेल्या, फक्त नलिकांवर जगणाऱ्या कोळ्यांचाही स्वतंत्र गट केला. मला हा विचार अजूनही आवडतो, कारण शरीर उघडून आत बघायचं धाडस त्यात होतं.

पण गडबड अशी की चार फुप्फुसं ही कोळ्यांची मूळची, जुनी ठेवण. हायपोकायलस नावाचा अमेरिकेतला कोळी चार फुप्फुसं बाळगून आहे, तरी तो टॅरंटुलाच्या नव्हे, आपल्या घरातल्या कोळ्यांच्या बाजूचा. जुनी गोष्ट दोघांनी टिकवली म्हणून ते जवळचे नातेवाईक होत नाहीत. आणि फुप्फुसं गमावणं तर वेगवेगळ्या कुळांत वेगवेगळं घडलंय, चक्राकार जाळ्यावाल्यांच्या घराण्यातले काही अगदी चिमुकले कोळीसुद्धा त्यात आहेत, म्हणून 1933 चा तो गट पुढे मोडीत निघाला. आता जबडे, रेशीमग्रंथी, जननेंद्रियं, डीएनए असं सगळं एकत्र बघतात.

बाथरूमच्या छताला लटकणारा, हात लावला की थरथरणारा लांबपाय्या कोळी आहे ना, त्याला फुप्फुसं दोनच आणि श्वासनलिका नाहीतच, हे मला सगळ्यात भारी वाटतं.

जंगलात टॅरंटुलाची टाकलेली कात दिसली तर उचलून आणू नका, तिथेच वाकून पोटाच्या आतल्या बाजूला बघा, चार पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात.