ताश्कंदला पावसाळा कधी असतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मुलांना इकडे मेडिकलला पाठवणारे पालक विचारतात, "मॅडम, सामानात रेनकोट घालायचा का?" दहिवडीची मावशी मृग लागला की फोनवर विचारते, "तिकडं पडला का गं?" मावशीला मी दर वर्षी एकच सांगते, इथला पाऊस संपला, आता थेट दिवाळीनंतर.

ताश्कंदचा पाऊस नोव्हेंबरात धरतो. डिसेंबर-जानेवारीत कधी पाऊस, कधी बर्फ. मार्च-एप्रिलमध्ये तो सगळ्यात जास्त पडतो आणि मे सरता सरता आटोपतो. वर्षाची सरासरी सव्वाचारशे ते साडेचारशे मिलिमीटर, म्हणजे आमच्या साताऱ्यातल्या दुष्काळी माण तालुक्याच्या जवळपासच. एकट्या मार्चमध्ये ७० मिलिमीटरच्या आसपास पडतो. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर हे तीन महिने मिळून मात्र १०-१५ मिलिमीटरही मुश्किलीने. ऑगस्टमध्ये बहुतेक वर्षी काहीच नाही.

असं का, तर इथे मान्सून पोचतच नाही. हिमालय, हिंदुकुश आणि पामीर मध्ये उभे आहेत. इथला पाऊस पश्चिमेकडून येतो. भूमध्य समुद्र आणि कास्पियनच्या बाजूने हिवाळ्यात कमी दाबाची क्षेत्रं एकामागून एक सरकत येतात आणि तिएनशान पर्वताला अडली की रिकामी होतात. पंजाब-काश्मीरला हिवाळी पाऊस देणारे पश्चिमी विक्षोभ याच घराण्यातले. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपिटीने द्राक्षं आणि गहू झोपवला, त्यातही त्यांचा हात होता. उन्हाळा आला की हा सगळा मार्ग उत्तरेला सरकतो आणि ताश्कंद कोरडं पडतं.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. भारतावर मान्सूनमध्ये जी प्रचंड हवा वर चढते, तिचा परिणाम फार दूरवर जातो. १९९६ साली मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स या हवामानशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की मान्सूनच्या उष्णतेमुळे पश्चिमेला आणि वायव्येला हवा खाली दाबली जाते. खाली येणारी हवा तापते, तिच्यात ढग धरत नाहीत. ताश्कंदच्या पश्चिमेला असलेल्या किझिलकुमच्या वाळवंटापर्यंत हा परिणाम जातो. म्हणजे जुलैत महाबळेश्वरला धो धो कोसळत असतं आणि ताश्कंदचं आभाळ निरभ्र असतं, या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या नाहीत. हे मावशीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तुमच्या वाटचा आम्हाला येतो म्हण की!" माणात तरी कुठे येतो, पण दोन्हींचा संबंध आहे, हे तिला बरोबर कळलं होतं.

इथल्या वसंतातला पाऊस आपल्या वळवासारखा अंगावर येत नाही. बारीक, थंड, दिवसभर चालणारा. मातीही वेगळी: वाऱ्याने आणून टाकलेली, पिठासारखी, फिकट पिवळी. भिजली की बुटाच्या तळाला जाड थर चिकटतो. शेजारच्या खोला (इथे मावशीच्या वयाच्या बाईला असंच म्हणतात) मार्चभर दाराशी पाण्याची बादली आणि आखूड दांड्याचा झाडू ठेवतात, आणि आल्यागेल्याला आधी तळवे धुवायला लावतात. नवरोजच्या, म्हणजे २१ मार्चच्या सुमारास शहराबाहेरच्या टेकड्या हिरव्या होतात, एप्रिलमध्ये त्यांच्यावर खसखशीच्या जातीची रानटी लाल फुलं पसरतात आणि जूनमध्ये सगळं गवत वाळून कोळ झालेलं असतं. डोंगरपायथ्याला 'लल्मी' शेती, म्हणजे जिरायत, याच पावसावर होते. गहू पेरायचा शरदात आणि कडक ऊन लागायच्या आत काढायचा.

मग जून ते सप्टेंबर हे तीस लाखांचं शहर जगतं कशावर? डोंगरातल्या बर्फावर. २५ जून ते ५ ऑगस्ट हे चाळीसेक दिवस 'चिल्ला', पारा चाळिशीपार. पण तो बर्फ नेमका उन्हाळ्याच्या तोंडावर वितळायला लागतो आणि मेपासून चिरचिक नदी दुथडी भरते. चात्काल आणि प्स्केम या नद्या मिळून चिरचिक होते, तिथे चारवाकचं धरण आहे, १६८ मीटर उंच. साठवण २ अब्ज घनमीटर, आपल्या भाषेत सुमारे ७० टीएमसी, कोयनेच्या दोन तृतीयांश. माणात साडेचारशे मिलिमीटर पडतो तो तिथेच उन्हाने आणि उताराने जातो. इथे शहरावर तेवढाच पडतो, पण शंभर किलोमीटरच्या आत पर्वतांवर त्याच्या कितीतरी पट जास्त साठून राहतो. म्हणून मला इथल्या लोकांनी जूनमध्ये कधी पावसाचं विचारलं नाही. फेब्रुवारीत विचारतात, चिमगानला, म्हणजे जवळच्या डोंगरात, बर्फ किती आहे?

आणि हिवाळे उबदार होत चाललेत, याची काळजी मला खरोखर वाटते. बर्फ म्हणून डोंगरावर थांबायचं ते पाणी पाऊस होऊन हिवाळ्यातच वाहून गेलं, तर वर्षाचा एकूण आकडा तोच राहील आणि तरी जुलैत नदीला पाणी कमी पडेल.

शहरात हे पाणी गल्लोगल्ली पोचवतो तो अरिक. रस्त्याच्या कडेने वाहणारा उघडा पाट, बोझसूसारख्या जुन्या कालव्यांवरून आलेला. वाटप बघणारा मिराब, आपल्याकडचा पाटकरी. चिनार, तुती, अक्रोड सगळे अरिकाच्या काठाने लावलेले. संध्याकाळी खोला त्यातूनच बादली भरून अंगण शिंपतात. आता नवीन इमारती उठताना बिल्डर आधी अरिक बुजवतात, वर फरशी टाकतात. आमच्या गल्लीच्या टोकाला असंच झालं. चिनार तोडला नव्हता, कागदोपत्री तो जिवंतच होता. पण मुळाशी पाणी बंद झालं मे महिन्यात, आणि इथे पुढचा पाऊस नोव्हेंबरात. ऑगस्टमध्ये त्याची पानं गळली. मी महल्ल्याच्या समितीकडे अर्ज दिलाय, उरलेल्या सात झाडांचा पाट मोकळा करा म्हणून. खोलांनी आणि आणखी शेजाऱ्यांनी त्यावर सह्या केल्यात.