एचआयव्ही 'रिॲक्टिव्ह' आल्यावर पुढे काय होतं : माझा अनुभव

गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांत रक्ताच्या ज्या तपासण्या करतात, त्यात हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर यांच्याबरोबर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिसचीही तपासणी असते. माझं बाकी सगळं ठीक आलं. एचआयव्हीच्या ओळीत मात्र 'रिॲक्टिव्ह' छापून आलं होतं. शेजारी आकडा होता १.३८, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, १.०० च्या पुढे रिॲक्टिव्ह धरावे.

मला हे कळलं ते नवऱ्याकडून. ज्या खासगी दवाखान्यात नाव घातलं होतं, तिथून त्याला फोन गेला, "मिसेसना एचआयव्ही निघालाय, दोघं या." तपासणी माझी, आणि मला सांगायच्या आधी त्याला सांगितलं. तेही अशा शब्दांत, की सगळं नक्कीच झालंय. एचआयव्ही तपासणीआधी नीट समजावून संमती घ्यायची आणि निकाल गुप्त ठेवायचा, असं २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगतो. तो २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू आहे. मला तर ही तपासणी होणार आहे एवढंसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं. कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या घेतल्या होत्या. या गोष्टीचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

घरी सगळ्यांचं एकच, दुसऱ्या चांगल्या लॅबमध्ये परत करून बघू. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी थांबवलं. म्हणाले, "तिकडेही बहुतेक याच प्रकारचं मशीन असेल. तुमच्या रक्तातलं काहीतरी इथे चिकटलं असेल, तर तिथेही चिकटू शकतं. त्यापेक्षा सरळ आयसीटीसीला जा." आयसीटीसी म्हणजे सरकारी रुग्णालयातलं समुपदेशन आणि तपासणी केंद्र. तिथे तपासणी मोफत होते.

त्या केंद्रातल्या समुपदेशक ताईंनी आधी दार लावलं आणि नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं. माझ्या रिपोर्टवर नजर टाकून म्हणाल्या, "यावरून तुम्हाला एचआयव्ही आहे असं म्हणता येत नाही. नाही असंही म्हणता येत नाही. हे आधी डोक्यात पक्कं बसू द्या."

मग त्यांनी कोऱ्या कागदावर समजावलं. विषाणू अंगात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी तयार करतं. पहिली चाचणी मुख्यतः हीच शोधते. (हल्लीच्या चौथ्या पिढीच्या चाचण्या विषाणूचं पी-२४ नावाचं प्रथिनही पकडतात.) किटमध्ये विषाणूची प्रथिनं लावलेली असतात. त्यांना रक्तातलं काही चिकटलं की संकेत मिळतो, आणि तो ठरलेल्या रेषेच्या वर गेला की रिॲक्टिव्ह. ही रेषा मुद्दाम खाली ठेवतात, कारण लागण झालेला एकही माणूस हातून सुटायला नको. त्यामुळे कधीकधी भलत्याच कारणाने तयार झालेली प्रतिपिंडंही तिथे अडकतात. गरोदरपणात, काही लसींनंतर किंवा संधिवातासारख्या आजारांत असं होऊ शकतं. १.३८ हा आकडा रेषेला लागून असल्याने शंकेला जागा होती, पण नुसत्या आकड्यावर निकाल देत नाहीत.

ताईंनी मग एक हिशेब मांडला. आपल्या देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. समजा, दहा हजार बायकांची तपासणी केली. त्यात खरोखर लागण असलेल्या साधारण २० निघतील. चाचणी अगदी चांगली, ९९.५ टक्के विशिष्टतेची (म्हणजे लागण नसलेल्या शंभरातल्या ९९.५ जणींना बरोबर 'नाही' म्हणणारी) धरली, तरी उरलेल्या ९,९८० जणींपैकी जवळपास ५० जणींचा रिपोर्ट उगाचच रिॲक्टिव्ह येईल. म्हणजे हातात तसा कागद असलेल्या सत्तर जणींपैकी पन्नास जणींना काहीच झालेलं नसेल. चाचणी वाईट आहे असा याचा अर्थ नाही. आजारच विरळ असल्यामुळे एकट्या चाचणीवर निदान टेकवता येत नाही. हे ऐकल्यावर मला त्या दिवसात पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

म्हणून नॅकोची, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची, पद्धत तीन चाचण्यांची आहे. तिन्ही किट वेगवेगळ्या प्रथिनांचे किंवा वेगवेगळ्या तत्त्वावर चालणारे असतात, म्हणजे एकाला जे फसवतं ते दुसऱ्यालाही फसवेल याची शक्यता फार कमी होते. पहिली नॉन-रिॲक्टिव्ह आली तर तिथेच निगेटिव्ह. तिन्ही रिॲक्टिव्ह आल्या तरच पॉझिटिव्ह. पहिली रिॲक्टिव्ह आणि पुढच्या दोन्ही नॉन-रिॲक्टिव्ह, तर निगेटिव्ह. तीनपैकी दोन रिॲक्टिव्ह आणि एक नाही, तर निकाल 'अनिश्चित' आणि दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्त.

माझं नेमकं हेच शेवटचं निघालं. तंत्रज्ञांनी खिडकीशी नेऊन तिन्ही किट मला दाखवले. पहिल्यावर दोन्ही रेघा, दुसऱ्यावर फक्त कंट्रोलची, म्हणजे किट नीट चालल्याची खूण असलेली एक, आणि तिसऱ्यावर दुसरी रेघ इतकी फिकट की मान तिरकी करून बघावी लागली. फिकट असली तरी दिसतेय म्हणजे ती रेघच धरतात.

मधले ते आठवडे फार वाईट गेले. पण थांबायचं का, हे कळलेलं होतं. लागण अगदी ताजी असेल तर प्रतिपिंडं अजून पुरती तयार झालेली नसतात. तेवढ्या काळात ती वाढतात आणि पुढच्या वेळी तिन्ही किट एकमताने बोलतात. लागण नसेल तर तो फिकटपणा तसाच राहतो किंवा जातो. तरीही अनिश्चितच राहिलं असतं, तर नमुना नॅकोच्या संदर्भ प्रयोगशाळेत गेला असता. पुण्यात भोसरीला १९९२ साली स्थापन झालेल्या, पूर्वी 'नारी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एड्स संशोधन संस्थेची प्रयोगशाळा अशांपैकीच. तिथे वेस्टर्न ब्लॉटसारख्या चाचणीत विषाणूच्या एकेका प्रथिनाचा पट्टा वेगळा दिसतो.

याच काळात नवऱ्याची तपासणी झाली आणि ती निगेटिव्ह आली. घरात दोन सूर निघाले. कुणी म्हणालं, "त्याला नाही म्हणजे तुलाही नाही." कुणी ते मोठ्याने बोललं नाही, पण नजरेत होतं, की मग हिला आलं कुठून? मी पुन्हा ताईंकडे गेले, या वेळी दोघं मिळून. त्या स्पष्ट बोलल्या. एकाला लागण आणि दुसऱ्याला नाही, अशी जोडपी असतात, त्यामुळे नवऱ्याच्या रिपोर्टवरून बायकोचा निकाल लावायचा नाही. आणि निदानच झालेलं नसताना कोणाकडे बोट दाखवायचं, हा अन्याय आहे. हे शब्द नवऱ्याने घरी जाऊन जसेच्या तसे सांगितले. त्यानंतर आमच्या घरात तो विषय पुन्हा निघाला नाही.

'आलंच तर?' हेही मी विचारलं. २०१७ पासून आपल्याकडे निदान झालं की लगेच औषधं सुरू करतात, तीही मोफत. काहीच केलं नाही तर बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो, वेळेवर औषधं घेतली तर तो ५ टक्क्यांच्या खाली येतो. आणखी एक गोष्ट मला नवीन होती. आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात उतरतात, म्हणून दीड वर्षापर्यंत नुसत्या प्रतिपिंडांच्या चाचणीवरून बाळाला लागण झाल्याचं ठरवत नाहीत, थेट विषाणू शोधणारी पीसीआर करतात. ज्या बाईचे तिन्ही किट रिॲक्टिव्ह येतात, तिने 'चुकला असेल रिपोर्ट' म्हणत एकेक लॅब फिरण्यात महिने घालवू नयेत, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. तिच्या पोटातल्या बाळासाठी तो काळ मोलाचा असतो.

दुसऱ्या वेळी पहिला किट पुन्हा रिॲक्टिव्ह आला, बाकीचे दोन कोरे. निकाल निगेटिव्ह. ताईंनी तो माझ्या हातात दिला, आणि घरी काय सांगायचं ते मीच ठरवायचं, हेही सांगितलं. पहिलाच किट परत का उजळला याचं ठोस कारण कोणी दिलं नाही. माझ्या रक्तातलं काहीतरी त्या किटच्या प्रथिनांना चिकटत होतं, एवढंच.

कुणाच्या हातात असा रिपोर्ट पडला असेल आणि जवळचं केंद्र माहीत नसेल, तर नॅकोचा १०९७ हा मोफत फोन आहे. खासगी लॅबचा कागद सोबत न्या. तारीख आणि आकडा त्यांना लागतो. अलीकडे काही धोका घडला असेल तर तो कधी, हे न लाजता सांगा, कारण विंडो पिरियड, म्हणजे लागण होऊनही चाचणीत न दिसण्याचा काळ, त्यावरून मोजतात. तीन महिने उलटून गेले नसतील तर निगेटिव्ह आलं तरी पुन्हा बोलावतात.

मी त्या निकालाची प्रत गरोदरपणाच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावून ठेवली होती. प्रसूतीसाठी दुसऱ्या रुग्णालयात भरती होताना तीच आधी पुढे केली. तिथल्या डॉक्टरांनी वाचली, पुन्हा एकदा रक्त घेतलं, आणि या वेळी पहिलाच किट नॉन-रिॲक्टिव्ह आला.