केडन्स नोंद, आठवडा ६ : वाढलेले ६ ठोके आले कुठून?

मागच्या नोंदीपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. केडन्स, म्हणजे पळताना मिनिटाला पडणारी पावलं, १६४ वरून १७२ वर स्थिरावला होता. बाजूने काढलेल्या व्हिडिओत घोट्यावरची चिकटपट्टी जमीन टेकताना गुडघ्याच्या वीतभर पुढे असायची, ती आता जेमतेम चार बोटं पुढे दिसते. टाचेचा धप्प आवाजही गेला. मग या आठवड्यात तीच चाचणी पुन्हा लावली: ट्रेडमिल, १० किमी प्रति तास, १% चढ, ३० मिनिटं, तेच बूट, तोच पंखा. सरासरी हार्ट रेट १४० होता, तो निघाला १४६. म्हणजे तंत्र सुधारलं आणि शरीराचा खर्च वाढला!

चाचणी मनगटावरच्या सेन्सरने घेतली असती तर पहिला संशय त्याच्यावरच गेला असता. तो कधी कधी ठोके सोडून पावलंच मोजू लागतो, पण मग आकडा १७२ च्या आसपास अडकतो, १४६ वर नाही. शिवाय इथे दोन्ही वेळा चेस्ट स्ट्रॅप (छातीवर बांधायचा ठोके मोजणारा पट्टा) होता, इलेक्ट्रोड ओले करून लावलेला. इकॉनॉमी (ठरावीक वेगाला शरीराचा खर्च किती) मोजण्याच्या कामाला मनगटाचं घड्याळ घेऊच नये, हे मत आणखी पक्कं झालं.

खरा धागा फूटपॉडच्या (बुटावर लावायच्या, वेग आणि अंतर मोजणाऱ्या सेन्सरच्या) जुन्या फाइलमध्ये सापडला. पॉड ४०० मीटरच्या ट्रॅकवर कॅलिब्रेट केलेला आहे. पहिल्या आठवड्याच्या चाचणीत ३० मिनिटांत ५ किमी भरायला हवे होते, पॉडने ४.७९ दाखवले होते. तेव्हा ती पॉडची चूक समजून सोडून दिली होती. चूक बेल्टची होती.

बेल्टचा खरा वेग असा मोजा. प्लग काढून बेल्टवर पांढऱ्या चिकटपट्टीची खूण करा, हाताने फिरवत टेपने पूर्ण लांबी मोजा. इथे ती ३.२० मीटर भरली. मग फोनवर व्हिडिओ चालू ठेवून २० फेरे मोजा आणि वेळ फ्रेमवरून काढा. ६४ मीटरला १० च्या वेगाने २३.०४ सेकंद लागायला हवेत. रिकामा बेल्ट २३.० भरला, माणूस पळत असताना २३.१. म्हणजे आज मशीन बरोबर आहे. मोजणी माणूस वर असतानाच करायची, कारण बेल्ट कोरडा असेल तर प्रत्येक पाऊल पडताना तो खालच्या फळीवर दाबला जातो, घर्षण वाढतं आणि बेल्ट क्षणभर मागे रेंगाळतो. रिकाम्या बेल्टवर हे कधीच दिसत नाही. तिसऱ्या आठवड्यात कुरकुर थांबवायला बेल्टखाली सिलिकॉन तेल घातलं होतं. रेंगाळणं तिथेच संपलं. जुने १४० ठोके ९.५८ किमी वेगाचे होते!

या वेगफरकाला ऑक्सिजनचा खर्च साधारण १.४ मिली प्रति किलो प्रति मिनिट वाढतो, म्हणजे ४ ठोक्यांच्या आसपास. उरले २. तेवढा फरक झोप आणि उकाडा यांनीही पडतो, त्यामुळे आधी-नंतरची तुलना इथेच बाद.

त्याऐवजी एकाच सत्रात अ-ब-ब-अ: ८ मिनिटं १६४, ८ मिनिटं १७२, पुन्हा १७२, मग १६४. प्रत्येक तुकड्यातली शेवटची ३ मिनिटंच धरायची. पळण्याच्या ओघात ठोके आपोआप चढत जातात, ती चढण या क्रमात दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते. आकडे आले १४२, १४५, १४६, १४७. फक्त पहिले दोन पाहिले तर १७२ ला ३ ठोके जास्त लागतात असं वाटेल. सरासरी काढली तर १४४.५ विरुद्ध १४५.५. फरक एका ठोक्याचा. ही पद्धत सापडल्याचा आनंद मोठा आहे, कारण तिला प्रयोगशाळा लागत नाही.

निकाल जुन्या अभ्यासाशी जुळतो. कॅव्हाना आणि विल्यम्स या संशोधकांनी १९८२ मध्येच दाखवलं होतं की धावपटूने आपसूक निवडलेली पावलाची लांबी कमीत कमी ऑक्सिजनच्या जवळच असते. पावलाची लांबी आणि ऑक्सिजन यांचा वक्र तळाशी सपाट असतो, १०१.६ सेंमीचं पाऊल ९६.९ वर आणलं तरी फारसं बिघडत नाही, फारसं मिळतही नाही. केडन्ससाठी नेहमी सांगितला जाणारा १८० चा आकडा धावण्याचे प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये मोजला, तोही शर्यतीच्या वेगाला. त्यामुळे केडन्स १७६ वर नेण्याची ठरलेली पुढची पायरी रद्द. १७२ मात्र सोडायचा नाही, कारण केडन्स ५ ते १०% वाढवला की गुडघ्यावरचा भार कमी होतो, आणि तो फायदा एका ठोक्यात स्वस्त आहे. मेट्रोनोम (ठरावीक तालावर टिकटिक करणारं साधन) १७२ वर लावू नका, खांदे आवळले जातात. ८६ वर लावून फक्त डावं पाऊल जुळवा.

यानंतर हलके बूट तपासायचे होते. पण बुटामागे १०० ग्रॅमला खर्च जेमतेम १% बदलतो आणि हाताशी असलेल्या दोन जोड्यांत फरक ६० ग्रॅमचा. एका सत्रात तो दिसणारच नाही, किमान सहा सत्रं हवीत. तेवढा वेळ उड्यांना दिलेला बरा: पावोलाइनेन यांच्या १९९९ च्या अभ्यासात ९ आठवड्यांच्या स्फोटक ताकदीच्या व्यायामाने व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते) न वाढता इकॉनॉमी सुधारली होती. सोमवारपासून आठवड्यातून दोनदा, दोन्ही पायांवर ३ × १० उड्या, पोटऱ्या दुखल्या तर एक सत्र गाळायचं. अ-ब-ब-अ दर दुसऱ्या रविवारी, आणि त्याआधी दर वेळी बेल्टचे २० फेरे.