तुम्ही विचारलंत म्हणून: ती दुसरी कंपनी बुडाली तर माझं काय जातं?

भाचा विचारतो, ऑफिसातले विचारतात, परवा केस कापता कापता न्हाव्यानंही विचारलं. शब्द इकडचे तिकडे, प्रश्न तोच: "बघता डब्ल्यूडब्ल्यूई, टी-शर्ट घालता त्यांचा. मग ती एईडब्ल्यू चालली काय न् बुडाली काय, तुमचं काय जातं?" (दोन्ही अमेरिकेतल्या, टीव्हीवर कुस्ती दाखवणाऱ्या कंपन्या.) आजवर मी "जाऊ द्या हो" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच काय ते सांगून टाकतो.

कुस्ती खरी की खोटी, हा विषय आज नको. निकाल आधी ठरलेला असतो हे मला तुमच्याआधीपासून माहीत आहे. पगार मात्र आधी ठरलेला नसतो, आणि माझं सगळं घोडं तिथेच अडलंय.

दोन कंपन्या असल्या की कार्यक्रम चांगले होतात, असं मी म्हणतच नाही. लोक परस्पर माझ्या तोंडी घालतात. सोमवारच्या लढाईत, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईचं (तेव्हा नाव डब्ल्यूडब्ल्यूएफ) रॉ आणि डब्ल्यूसीडब्ल्यू या तेव्हाच्या दुसऱ्या कंपनीचं नायट्रो समोरासमोर लागायचं तेव्हा, दोघांनीही काय काय रद्दी दाखवली, ते सलग बघून दाखवा मग बोलू. माझा मुद्दा जेफ जॅरेटचा आहे.

हो, जेफ जॅरेट. तुमचा लाडका नसेल. माझाही कधीच नव्हता. गिटार घेऊन यायचा आणि ती कुणाच्या तरी टाळक्यात फोडायचा, एवढंच लहानपणी आठवायचं. पण 17 ऑक्टोबर 1999 ला क्लीव्हलंडमध्ये या माणसानं जे केलं ते नीट समजून घ्या. त्या रात्री त्याला इंटरकॉन्टिनेन्टल पट्टा चायना नावाच्या पैलवान बाईकडे हरायचा होता. आदल्याच दिवशी त्याचा डब्ल्यूडब्ल्यूएफशी करार संपलेला, आणि तिकडे कंपनीत कुणाच्या ते वेळेत लक्षातच आलं नव्हतं. करार नाही म्हणजे रिंगमध्ये उतरायचं बंधनही नाही. जॅरेटनं आपला हिशेब आधी चुकता करून घेतला, मग जाऊन कुस्ती हरला आणि दुसऱ्या रात्री डब्ल्यूसीडब्ल्यूच्या नायट्रोवर उभा राहिला. डब्ल्यूडब्ल्यूएफचा मालक व्हिन्स मॅकमहन, त्याच्यासमोर असं उभं राहायची छाती त्याला कुठून आली? रस्त्यापलीकडे दुसरं दुकान उघडं होतं म्हणून.

आता 26 मार्च 2001. या एका रात्रीबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कंटाळा आला तर चहा टाका.

नायट्रोचा शेवटचा भाग फ्लोरिडात पनामा सिटी बीचला होता, सुट्टीवर आलेल्या कॉलेजच्या पोरांसमोर. आणि रॉ कुठे होतं? क्लीव्हलंडला, त्याच गुंड अरीना नावाच्या स्टेडियममध्ये, जिथे जॅरेटनं पैसे मोजून घेतले होते. मॅकमहननं डब्ल्यूसीडब्ल्यूच विकत घेतल्याचा सौदा तीनच दिवसांपूर्वी जाहीर झालेला. नायट्रो लावलं तर पहिल्यांदा दिसला तो व्हिन्स मॅकमहन. स्पर्धकाच्या वाहिनीवर, स्पर्धकाच्या वेळेत. पहिल्याच कुस्तीत बुकर टीनं स्कॉट स्टायनरला हरवून जागतिक पट्टा घेतला. शेवटची कुस्ती रिक फ्लेअर आणि स्टिंगची. फ्लेअर टी-शर्ट घालूनच लढला. ज्या माणसाचे झगे बघायला लोक तिकिटं काढायचे, तो टी-शर्टात. याच दोघांनी मार्च 1988 मध्ये ग्रीन्सबरोला 45 मिनिटांची बरोबरीची कुस्ती केली होती, ती फुकट दाखवली गेली होती आणि मुद्दाम मॅकमहनच्या रेसलमेनिया या मोठ्या कार्यक्रमाच्याच रात्री ठेवली होती. म्हणजे कुरघोडी तेव्हाही होतीच. शेवटी स्टिंगनं फ्लेअरला पकडीत हार मानायला लावली, मग दोघं गळ्यात पडले, आणि दोन्ही वाहिन्यांवर एकच चित्र आलं: क्लीव्हलंडच्या रिंगमध्ये मॅकमहन.

तो एकेक नाव घेत होता. हल्क होगन. लेक्स लूगर. बुकर टी. गोल्डबर्ग. कुणाला ठेवायचं, कुणाला नाही, असं प्रेक्षकांना विचारत होता आणि लोक टाळ्या वाजवून किंवा हुर्यो करून कौल देत होते. स्टोरीलाईन होती हो, कबूल. पुढे त्याचा मुलगा शेन मॅकमहन पनामा सिटीच्या रिंगमध्ये येऊन "कंपनी मीच घेतली" म्हणतो, तो तर निव्वळ तमाशा. पण ज्यांची नावं घेतली जात होती त्यांच्या घरचा हप्ता काही स्टोरीलाईन नव्हता. आणि त्याच रात्री, त्याच्याआधी, कॅमेऱ्यासमोर, मॅकमहननं जॅरेटचा विषय काढला. जॅरेटला स्वतःचं नाव एकेक अक्षर सुटं करून सांगायची सवय होती, डबल एफ, डबल आर, डबल टी असं ताल धरून. त्याच तालात मॅकमहननं अक्षरं सोडवून सांगितलं की हा गेला. आणि गेलाच तो. चेहऱ्यावर काय समाधान होतं! सतरा महिन्यांपूर्वीचा हिशेब त्याच गावात परत केला. करता आला, कारण आता जॅरेटला जायला अमेरिकेत तेवढी मोठी जागा उरली नव्हती. ईसीडब्ल्यू या तिसऱ्या कंपनीनंही त्याच सुमाराला मान टाकली.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शाळकरी होतो आणि पक्का डब्ल्यूडब्ल्यूएफवाला. ट्रम्प कार्डांच्या गठ्ठ्यात अंडरटेकर दुसऱ्याच्या हातात गेला तर जेवण न जाणाऱ्यातला. मॅकमहन नावं घेत होता तेव्हा मीही घरातून कौल देत होतो.

माझ्यातला तो शाळकरी पोरगा अजून माझ्याशी भांडतो, आणि त्याची बाजू काही लेचीपेची नाही. तो म्हणतो, डब्ल्यूसीडब्ल्यूला कुणी मारलं? त्यांनीच ना? जानेवारी 1999 मध्ये होगननं केविन नॅशच्या छातीला बोट लावलं, नॅश आडवा पडला आणि पट्टा गेला. त्याच रात्री मिक फोली तिकडे रॉवर जिंकणार हे यांच्याच निवेदकानं, वरून आलेल्या आदेशानं, खिजवून सांगितलं. लोकांनी तो क्षण बघायला वाहिनी बदलली. शेवटी डब्ल्यूसीडब्ल्यू ज्यांची होती त्या टर्नरच्या वाहिन्यांच्या नव्या साहेबांनी कुस्तीच नको म्हणून वेळ काढून घेतली. टीव्हीवर वेळच नाही म्हटल्यावर ते दुकान दुसरं कोण घेणार होतं? यात मॅकमहनचा काय दोष? आणि तुझ्या त्या जॅरेटनं केलं ती सरळसरळ अडवणूक होती.

होतीच अडवणूक. अडवता येणं हाच तर माझा मुद्दा आहे. ज्याला कधीच अडवता येत नाही त्यानं मिळेल त्यावर सही करायची. 2001 नंतर तेच झालं. मोठ्या नावांचे जाडजूड करार टर्नरच्या मूळ कंपनीकडे राहिले, ते घरी बसून पगार खात राहिले. मधल्या आणि लहान नावांनी एक तर एकाच मालकाच्या अटी मानायच्या, नाहीतर जपान-मेक्सिको गाठायचं.

पण मग पोरगा एक असं नाव घेतो की माझी बोलती बंद होते. डब्ल्यूडब्ल्यूएफचा पैलवान ओवेन हार्ट. 23 मे 1999, कॅन्सस सिटी. छतावरून दोरीनं उतरताना तो रिंगमध्ये कोसळला आणि गेला. तिकडे डब्ल्यूसीडब्ल्यूत स्टिंग छतावरून उतरून टाळ्या घेत होता. इकडेही कुणी तरी वरून यायला हवं होतं, असं निदान मला तरी दिसतं. ओवेनचा जोडीदार कोण होता? जेफ जॅरेट. मित्राला बाहेर नेल्यावर लगेच त्याला कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि मग कुस्तीला पाठवलं. कार्यक्रम थांबला नाही. जी चुरस जॅरेटच्या खिशात पैसे टाकत होती, तिच्याच धामधुमीत ही रात्रही येते. दोघांपैकी एकच रात्र माझ्या हिशेबात धरायची मला सोय नाही. आणि दोन कंपन्या होत्या म्हणून पैलवानांची युनियन झाली, असंही काही घडलं नाही. आजही नाही. रिंगमधला माणूस कागदावर कंत्राटदारच.

तरी जॅरेटचं पुढे काय झालं ते ऐका. 2002 मध्ये जॅरेट बापलेकांनी टीएनए ही स्वतःची कुस्तीची कंपनी काढली. आणि डिसेंबर 2011 मध्ये हाच माणूस कुठे आला? पुण्यात, बालेवाडीला! रिंग का किंग नावाचा कार्यक्रम टीएनएनं तिथे चित्रित केला, पुढे कलर्सवर लागला. जॅरेट खलनायकांच्या टोळीचा म्होरक्या, टोळीचं नाव आरडीएक्स (कुणाच्या डोक्यातून निघालं असेल ते असो), आणि सोबत स्कॉट स्टायनर, तोच, पनामा सिटीत पट्टा हरलेला. मी त्या गर्दीत घसा बसेपर्यंत जॅरेटला शिव्या घातल्या. त्याचं ते कामच होतं, चिडवायचं. एकच हंगाम झाला, पुढे काही नाही. पण आपल्याकडच्या काही पोरांना कॅमेऱ्यासमोर लढायची संधी मिळाली ती या हाकललेल्या माणसाच्या कंपनीमुळे. नंतर 2018 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईनंच त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, आणि 2022 मध्ये तो एईडब्ल्यूत गेला. म्हणजे म्हातारपणीही दोन दारं. एईडब्ल्यू बुडाली तर माझं काय जातं ते कळलं असेल.

हल्ली डब्ल्यूडब्ल्यूई परत जुन्या खेळावर आलीय. 12 जुलै 2025 ला एईडब्ल्यूचा टेक्ससमधला मोठा कार्यक्रम, तर यांनी त्याच दिवशी अटलांटात आपला ठेवला आणि गोल्डबर्गची निरोपाची कुस्ती लावली. गोल्डबर्ग घडवला कुणी? डब्ल्यूसीडब्ल्यूनं. सप्टेंबरात पुन्हा तेच. एईडब्ल्यूनं आपला कार्यक्रम दुपारी सरकवला. मी दोन्ही पाहिले, आणि मजाही आली. हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय, पण आली.

हे सगळं मी तालमीतल्या एका मित्राला ऐकवलं. त्यानं शांतपणे विचारलं, "मग नोव्हेंबर 2023 मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाल्या तेव्हा तू का बोंबललास?" मी म्हटलं, ती स्पर्धा नव्हे, कुस्तीगीर परिषदेतली फूट, तिथे पैलवानाला दोन दारं मिळाली नाहीत, पदाधिकाऱ्यांना दोन खुर्च्या मिळाल्या. तो म्हणाला, "शिवराज राक्षे फुलगावला सिकंदर शेखकडून हरला आणि दहा दिवसांत धाराशिवला जिंकला. विचार त्याला, दार मिळालं की नाही."

त्यावर मी काहीबाही बोललो, पण ते मलाही पटलं नाही. खरी कुस्ती वेगळी, इथे केसरी एकच हवा, असं म्हणावंसं वाटतं. मग माझ्या जॅरेटचं काय करायचं, ते मित्र विचारणारच.