शब्दकोडं ॲप: बंडलचं वजन आता पीआरमध्येच दिसतं

मंडळी, या खेपेला कोड्यात नवं फीचर काहीच नाही. सगळा वेळ बंडलच्या, म्हणजे ब्राउझरला पाठवायच्या एकत्र बांधलेल्या फाइलींच्या, मोजमापात गेला, आणि तो सत्कारणी लागला असं माझं ठाम मत आहे.

गिटहबवर (कोड ठेवायची साइट) प्रीॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीवाल्यांची ‘कम्प्रेस्ड-साइज-ॲक्शन’ ही आपोआप चालणारी तपासणी बसवली. पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला बदल सामील करून घ्यायची विनंती) आला की ती मूळ ब्रँच (कोडची प्रत) आणि नवी ब्रँच दोन्ही बिल्ड करते, म्हणजे पाठवायच्या फाइली बनवते, त्या जीझिपने दाबून मोजते आणि काय किती वाढलं-घटलं याचा तक्ता कॉमेंटमध्ये टाकते. सुरुवातीला तक्ता भलताच येत होता: जुन्या फाइली गायब, तेवढ्याच नव्या हजर. कारण व्हिट (बंडल बांधणारं टूल) फाइलच्या नावात हॅश (मजकुरावरून काढलेला अक्षर-आकड्यांचा ठसा) घालतं आणि मजकूर बदलला की नावही बदलतं. हॅश वगळणाऱ्या ‘स्ट्रिप-हॅश’ सेटिंगला रेजेक्स (मजकूर शोधायचा नमुना) दिल्यावर जोड्या जुळल्या. व्हिटने वापरलेल्या रोलअप या टूलच्या आवृत्ती ४ पासून हॅशमध्ये हायफन आणि अंडरस्कोअरही येतात, तेव्हा नेटवरून उचललेला रेजेक्स तपासूनच वापरा. फोर्कवरून (दुसऱ्याने स्वतःकडे घेतलेल्या प्रतीवरून) आलेल्या पीआरला टोकन (परवानगीची किल्ली) फक्त वाचण्यापुरतं मिळतं. तिथे कॉमेंट पडत नाही, लॉग उघडावा लागतो.

पहिला फायदा लगेच दिसला. कोड्याची तारीख मराठीत दाखवायला एका मित्राने मोमेंट ही तारखांची लायब्ररी घातली. डिफमध्ये (बदललेल्या ओळींच्या यादीत) जेमतेम चार ओळी, वाचून कुणीही ‘ठीक आहे’ म्हणालं असतं. तक्त्यात मात्र जीझिपनंतरही १८ केबीच्या वर वाढ! नव्या प्रोजेक्टला मोमेंट घेऊ नका, असं त्यांच्या टीमनेच २०२० मध्ये सांगून टाकलंय. ब्राउझरमधल्या ‘इंटल.डेटटाइमफॉरमॅट’ला (तारीख लिहून देणारी सोय) ‘एमआर-आयएन’ (भारतातली मराठी) दिलं आणि महिना नावाने मागितला की महिन्याचं नाव मराठीत आणि आकडे देवनागरीत आपसूक येतात. मित्राने त्याच पीआरमध्ये बदल केला, वाढ काही बाइटांवर आली. वाद नाही, प्रवचन नाही.

तक्ता नुसता सांगतो, अडवत नाही. म्हणून जोडीला, मर्यादा ओलांडली की चेक नापास करणारं ‘साइज-लिमिट’ हे टूल लावलं. मर्यादा पॅकेज.जेसन या प्रोजेक्टच्या सेटिंग फाइलमध्ये, आजच्या आकड्याच्या किंचित वर. ऐसपैस मर्यादा ठेवली तर चेक कायम हिरवाच राहतो, मग लावायचा कशाला? आणि कुणी मर्यादा वाढवलीच तर ती ओळही डिफमध्ये येते. ‘का रे, कशासाठी?’ विचारायला जागा मिळते. एक लक्षात ठेवा: साइज-लिमिट मुळात ब्रॉटलीने (फाइल दाबायची दुसरी पद्धत) मोजतं, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे जुळणार नाहीत.

खरा हत्ती मात्र मोजणीबाहेरच होता: फॉन्ट. ॲक्शन स्वतःहून फक्त जावास्क्रिप्ट फाइली बघते, ‘पॅटर्न’मध्ये सीएसएस (मांडणीच्या फाइली) आणि डब्ल्यूओएफएफ२ (फॉन्टच्या फाइली) आपणच घालायचं. जोडाक्षरांच्या ग्लिफमुळे (अक्षराकृतींमुळे) देवनागरी फॉन्ट जड असतो. तो आधीच ब्रॉटलीने दाबलेला असल्याने जीझिपनेही हलका होत नाही. सबसेट करणं, म्हणजे लागतील तेवढ्याच अक्षराकृती ठेवणं, हाच मार्ग.

ते काम आता हाती घेतलंय. सबसेटनंतर काही तुटलं तर कळावं म्हणून ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’, ‘उज्ज्वल’ असल्या शब्दांचं टेस्ट-पान बनवतोय. छळणारी जोडाक्षरं माहीत असतील तर पाठवा.