घोटाळ्यांच्या मागे लागायला सीए व्हावं लागतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आर्थिक बातमीदारी शिकवताना दर बॅचला कुणीतरी विचारतंच, "मॅडम, बँक घोटाळे काढायचे तर सीए असावं लागतं का?" नाही. ताळेबंद वाचता आला पाहिजे, आणि ते कॉमर्सवाल्या मैत्रिणीकडून शिकता येतं. अवघड काम त्यानंतरचं. त्यासाठी मी आफ्रिकेतल्या मोझांबिकच्या कार्लोस कार्दोझो या पत्रकाराची गोष्ट सांगते.

हा 1951 साली बेइरात जन्मला, जोहान्सबर्गला शिकला आणि वर्णभेदाविरुद्ध उभा राहिला म्हणून तिथून हाकलला गेला. देश स्वतंत्र झाल्यावर सरकारी वृत्तसंस्थेचा प्रमुख झाला. तरी त्याच सरकारने त्याला एकदा तुरुंगातही टाकलं. 1992 मध्ये पत्रकारांच्या सहकारी संस्थेतून त्याने 'मीडियाफॅक्स' सुरू केलं, 1997 मध्ये स्वतःचं 'मेतिकाल'. रोज फॅक्सने जाणारी काही पानं, वर्गणीदार काही शे. पण राजधानी मापुतोत ज्यांनी वाचायला हवं ते सगळे वाचत.

त्याची मोठी बातमी बीसीएम बँकेची. 1996 मध्ये बँकेचं खासगीकरण तोंडावर आलेलं असताना 144 अब्ज मेतिकाल (तिथल्या चलनाचंही हेच नाव), म्हणजे जवळपास 1 कोटी 40 लाख डॉलर, गायब झाले. पद्धत साधीच. एका शाखेत खाती उघडायची, न वटणारे चेक भरायचे, शाखाधिकाऱ्याच्या मेहेरबानीने रक्कम जमा दाखवायची आणि रोख उचलायची. सहकारी बँका पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये!

संशयितांची नावं गावभर झाली होती. खटला मात्र उभा राहत नव्हता, कारण सरकारी वकिलांच्या कचेरीत प्रकरण लोळत पडलं होतं. कार्दोझोने तेवढंच लावून धरलं. बँकेच्या वकिलावर 1999 मध्ये गोळीबार झाला, तो वाचला. कार्दोझो लिहीतच राहिला. आपल्याकडे ठेवीदार पासबुकं घेऊन बंद शटरसमोर उभे असतात तोवर कॅमेरे असतात. आरोपपत्र दाखल होतं तेव्हा आतल्या पानावर चार ओळी. पहिला गौप्यस्फोट कुणीही करेल, पन्नासावी बातमी करणारा मला मोठा वाटतो.

काजूवरही तो असाच चिकाटीने लिहायचा. जागतिक बँकेच्या दडपणाखाली कच्च्या काजूवरचा निर्यातकर उतरवला गेला, माल भारतात येऊ लागला, तिकडचे कारखाने बंद पडले आणि हजारोंचं काम गेलं. सिंधुदुर्गातल्या मुलांना हे मी मुद्दाम सांगते, कारण आफ्रिकेचा कच्चा काजू आपल्याकडच्या कारखान्यांतही फुटतो.

22 नोव्हेंबर 2000 च्या संध्याकाळी कामावरून घरी जाताना त्याची गाडी अडवून त्याला गोळ्या घातल्या. ड्रायव्हर गंभीर जखमी झाला. 2002 मध्ये तुरुंगाच्या आवारात तंबू ठोकून खटला चालला आणि रेडिओ-टीव्हीवरून सगळ्या देशाने तो ऐकला. आरोपींकडून राष्ट्राध्यक्षांच्या मुलाचंही नाव आलं. त्याने आरोप नाकारला. 2007 मध्ये तो वारला, खटला त्याच्यावर चाललाच नाही. 2003 च्या जानेवारीत सहा जणांना 23 ते 28 वर्षांच्या शिक्षा झाल्या. मारेकऱ्यांचा म्होरक्या तीनदा तुरुंगातून पळाला, त्यात एकदा थेट कॅनडाला पोचला. 'मेतिकाल' 2001 च्या अखेरीसच बंद पडलं होतं.

इथे वर्गात शांतता पसरते आणि कुणीतरी घरच्यांचा प्रश्न पुढे करतं: जिवाला धोका असतो का? असतो. तो मी लपवत नाही, आणि या गोष्टीचं पोस्टर करून भिंतीवरही लावत नाही.

सीएच्या प्रश्नाचं म्हणाल, तर गृहपाठ देते. आपल्या तालुक्यातली बुडालेली एखादी पतसंस्था शोधा, सगळे विसरलेत अशी. कोर्टात जाऊन पुढची तारीख विचारा आणि त्या तारखेला परत जा. तिथला कारकून "तुम्ही कोण?" विचारेल. ठेवीदार आहात की आरोपीचे नातेवाईक, एवढंच त्याला कळून घ्यायचं असतं. तिसरं कुणी तिथे येत नाही.