तुम्ही विचारलंत म्हणून : भारीचा सिगार कडू का लागतो?

“पोरानं परदेशातून येताना महागाचा सिगार आणला. पेटवला तर कडूजहर! एवढे पैसे कशाचे घेतात मग?” संभाजीनगर असो की नांदेड, सिगारचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. बहुतेक वेळा सिगारचा काही दोष नसतो. त्याला कडू करते आपली कोरडी हवा, नाहीतर आपली बिडीची सवय.

आधी सवयीचं. तेंदूचं पान सहज जळत नाही, बिडी हातात धरून बसलं की विझते, म्हणून झुरक्यावर झुरका मारावा लागतो. तीच लय सिगारला लावली की निखारा भडकतो, धूर तापतो आणि जीभ पोळते. त्या कडूपणाला चव समजू नका, ते जळकं आहे. मिनिटाला एक झुरका पुरे. तोही तोंडात घोळवून सोडायचा, छातीत न्यायचा नाही. मग नशा कशी येणार, असं लगेच विचारतात. तंबाखू मळताना चुना कशाला लावतो? चुन्यामुळे निकोटीन गालातूनच अंगात उतरतं. सिगारचा धूर मुळातच चुन्यासारखा क्षारधर्मी असतो, त्यामुळे तोंडातून व्हायचं ते होतंच. उपाशीपोटी ओढलात तर उचक्या, गरगर, थंड घाम. अशा वेळी सिगार खाली ठेवा आणि गुळाचा खडा तोंडात टाकून पाणी प्या.

छातीत धूर जात नाही म्हणजे अपाय नाही, असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग यानंही होतो, आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या आख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते.

आता हवा. हातानं वळलेल्या सिगारला 65 ते 70 टक्के आर्द्रता आणि 18 ते 21 अंश तापमान मानवतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार, आणि दुपारची हवा अशी की धुतलेलं धोतर तासात कडक. कपाटात उघडा ठेवलेला सिगार अशा हवेत काही दिवसांतच वाळतो. कानाशी धरून हलके दाबा. कडब्यासारखा कुरकुरला तर पेटवू नका, तो भराभरा जळणार आणि तिखट लागणार. ओला कापूस शेजारी ठेवण्याचा शहाणपणाही नको. बाहेरचं पान आधी फुगतं आणि उकलतं. रबर लावलेल्या घट्ट झाकणाचा नवा डबा घ्या (मसाल्याचा जुना डबा अजिबात नको), त्यात हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांवर धरून ठेवणारं पाकीट टाका आणि दोन-तीन आठवडे विसरून जा. फ्रीजमध्ये सिगार वाळतो, वर लोणच्याचा वास धरतो. कूलरसमोर ठेवला तर दिवसा भिजतो, वीज गेली की सुकतो.

डब्यात आर्द्रतामापक ठेवत असाल तर तो खरं बोलतो का, तेही तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून चिखलासारखं करा, मापकासोबत बंद डब्यात रात्रभर ठेवा. काटा 75 वर यायला हवा. 70 दाखवत असेल तर पुढे कायम 5 मिळवून वाचा.

तापमान 24-25 च्या वर राहिलं की आणखी एक भानगड होते. ज्वारीला सोंडे लागतात तसा तंबाखूलाही किडा असतो. अंडी पानातच असतात आणि उष्णतेनं फुटतात. सिगारवर टाचणीएवढी गोल भोकं दिसली की बाकीचे पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मग बाहेर. एकदम बाहेर काढले तर पान तडकतं.

पेटवण्याआधी बंद टोकाकडे बघा. तिथे पानाची छोटी टोपी चिकटवलेली असते. फक्त तिचा माथा, साधारण 2 मिलिमीटर, धारदार कटरनं एका झटक्यात उडवा. टोपीच्या कडेखाली कापलंत की गुंडाळी उसवलीच. पेट्रोलच्या लायटरचा वास शेवटपर्यंत जात नाही. गॅसचा लायटर घ्या, नाहीतर काडीपेटी, पण काडीचा गंधक जळून जाऊ द्या. ज्योत टोकाला टेकवू नका. पापड भाजतो तसं जरा वर धरून फिरवत शेका, कडा सगळीकडून काळी झाली की मगच ओढा. घाईत एकच बाजू पेटली तर सिगार पुढे वाकडा जळत राहतो.

चवीचं म्हणाल तर सिगारमध्ये तीन थर असतात: वरचं पान, त्याखाली बांधणारं पान, आणि पोटात भरण. भरणातलं झाडाच्या शेंड्याकडचं पान, लिहेरो, सगळ्यात कडक आणि सावकाश जळणारं, म्हणून कारागीर ते मधोमध ठेवतो. मधलं सेको वासासाठी, खालचं वोलादो नीट जळण्यासाठी. सिगार जळत जातो तशी चवही बदलते. पहिल्या भागात वाळल्या कडब्याचा गोडसर वास, मध्ये हुरड्याच्या आगटीसारखा धुरकट गोडवा किंवा काळा गूळ, शेवटी मिरं. हे पदार्थ कुणी त्यात घालत नाही, आठवण तेवढी होते. थोडा धूर न गिळता नाकातून सोडून बघा, निम्मी चव तिथेच कळते. येसर आमटी आणि ठेचा हाणून लगेच बसलात तर यातलं काहीच कळणार नाही. तासभर थांबा, सोबत साधं पाणी किंवा बिनदुधाचा चहा ठेवा.

राख दर झुरक्याला झटकू नका, इंचभर राहू द्या. निखारा थंड राहतो. मध्येच विझला तर राख काढा, आत साचलेला धूर फुंकून बाहेर घालवा, मग पुन्हा शेका. न फुंकता पेटवलात की तोच कडूजहर घोट. शेवटचे दोन बोटं उरले की धूर तसाही तापतो. तेव्हा हट्ट सोडा आणि सिगार थाळीत आडवा ठेवा, तो आपोआप विझतो. बिडीसारखा चिरडलात तर दुसऱ्या दिवसापर्यंत घरभर वास.